पडद्यावरचा पाद्री आणि कोडोलीची माती

पन्हाळा तालुक्यातील कोडोली हे गाव बाहेरच्या महाराष्ट्राला दोन गोष्टींमुळे ठाऊक आहे. पहिली म्हणजे गावाला खेटून वसलेले वारणानगर. तात्यासाहेब कोरे यांनी १९५०च्या दशकात वारणेच्या खोऱ्यातील शेतकऱ्याला हाताशी धरून सहकाराचे जे विश्व उभारले, त्याची ती भूमी. दुसरी गोष्ट म्हणजे मिशन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन या परिसरात आले आणि कोडोलीत त्याचे चर्च, शाळा आणि रुग्णालय उभे राहिले. पंचक्रोशीतील जुन्या माणसांच्या बोलण्यात 'मिशनचा दवाखाना' हा शब्द सहज येतो. कुणाचे बाळंतपण तिथे झालेले असते, कुणाचा ताप तिथे उतरलेला असतो.

या आवाराकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ झाल्या आहेत. एक रीत भाबडी. साता समुद्रापलीकडून देवमाणसे आली, त्यांनी अडाण्यांना शहाणे केले, रोग्यांना बरे केले आणि मोबदल्यात काहीही मागितले नाही, असे ती मानते. दुसरी रीत रागाची. दवाखान्याची प्रत्येक वीट म्हणजे कारस्थान, असे तिचे म्हणणे. दुसऱ्या रीतीचा समाचार आपले विचारवंत वेळोवेळी घेत असतातच. पहिल्या रीतीची तपासणी मात्र कुणी करीत नाही. ती जणू स्वयंसिद्ध सत्य म्हणून स्वीकारली गेली आहे. हे सत्य घडले कुठे, त्याला आकार कुणी दिला, हा प्रश्न विचारला की बोट अमेरिकेतील चित्रपटगृहाकडे वळते.

हॉलिवूडचा देवदूत

विसाव्या शतकाच्या मध्यावर हॉलिवूडने मिशनऱ्यांच्या जीवनावर एकामागून एक चित्रपट काढले. १९४४ साली 'द कीज ऑफ द किंग्डम' आला. ए. जे. क्रोनिन यांच्या १९४१च्या कादंबरीवरील या चित्रपटात ग्रेगरी पेक या तरुण नटाने फादर फ्रान्सिस चिझम या स्कॉटिश कॅथलिक पाद्र्याची भूमिका केली आणि तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. १९५८ साली 'द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस' आला. त्यात इन्ग्रिड बर्गमनने ग्लॅडिस एलवर्ड या इंग्रज मिशनरी स्त्रीचे काम केले. १९५९ साली ऑड्री हेपबर्नचा 'द नन्स स्टोरी' आला, त्यातील जोगीण काँगोच्या रुग्णालयात सेवेला जाते. पंथ निराळे, देश निराळे. पण चौकट एकच. गोरा माणूस येतो, काळ्या-पिवळ्या माणसांचा देश त्याची वाट पाहत असतो, आणि तो आल्यावरच त्या देशाच्या इतिहासाला प्रारंभ होतो.

ही चौकट किती कृत्रिम आहे, हे चित्रपटांच्या जन्मकथाच सांगतात. 'सिक्स्थ हॅपिनेस'मधील चीन हा चीन नव्हेच, तो वेल्समधील डोंगराळ मुलूख आहे. त्यातील वृद्ध चिनी मँडरिनचे काम रॉबर्ट डोनाट या इंग्रज नटाने केले आणि चिनी लष्करी अधिकाऱ्याचे काम कर्ट युर्गन्स या जर्मन वंशाच्या नटाने. 'कीज ऑफ द किंग्डम'मधील श्रीमंत चिनी गृहस्थ मिस्टर चिया यांच्या भूमिकेत लिओनार्ड स्ट्राँग हा अमेरिकन नट आहे. ज्या देशाची कथा सांगायची, त्या देशाचा चेहरादेखील स्वतःच्या घरातून उसना घ्यायचा, असा हा कारभार. खुद्द एलवर्डबाईंनाही स्वतःच्या आयुष्याचे हे पडद्यावरचे रूप रुचले नव्हते. त्यांच्या तोंडी घातलेली प्रेमकथा त्यांना अपमानास्पद वाटली. जिच्यावर चित्रपट काढला तिचीच ही अवस्था, तर ज्या अनाम चिनी माणसांना तिच्यामागे उभे केले गेले, त्यांची काय कथा?

मग कोडोलीचा या चित्रपटांशी संबंध काय? कोडोलीवर हॉलिवूडने चित्रपट काढलेला नाही. फादर चिझम कॅथलिक आहेत, कोडोलीचे मिशन प्रॉटेस्टंट. पण अमेरिकेतील सामान्य चर्चमध्ये रविवारच्या दानपेटीत जो डॉलर पडत होता, तो टाकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मिशनऱ्याचे कोणते चित्र होते? ते हेच चित्र होते. चीन असो, काँगो असो वा कोल्हापूर असो, त्या चित्रातील 'तो देश' एकच असतो. त्याला नाव नसते, स्मृती नसते, देव नसतो. असतात ते फक्त रोग, दारिद्र्य आणि प्रतीक्षा.

कोडोलीची माती अशी रिकामी नव्हती. जवळच जोतिबाचा डोंगर आहे. चैत्रात तिथे सासनकाठ्या नाचतात आणि गुलालाने डोंगर न्हाऊन निघतो. पन्हाळ्याचा इतिहास पायथ्याच्या प्रत्येक गावाला तोंडपाठ आहे. वारकऱ्यांची दिंडी या खोऱ्यातून पंढरीला जाते. या माणसांना देव ठाऊक होता, भक्ती ठाऊक होती, पाप-पुण्याचा विचार ठाऊक होता. त्यांच्याकडे जे नव्हते, ते दवाखाना आणि शाळा. मिशनने त्या गरजेला हात घातला, हे खरे. परंतु गरज भागवणे आणि आत्मा 'वाचवणे' या दोन गोष्टींची गाठ कुणी आणि का मारली, हा खरा प्रश्न आहे.

शाळा कशासाठी? कोल्हापुरातला जुना वाद

या प्रश्नाचे उत्तर शोधायला हिंदुत्ववाद्यांच्या लेखनाकडे जाण्याची आवश्यकता नाही. मिशनच्या स्वतःच्या इतिहासात ते लख्खपणे नोंदलेले आहे.

कोल्हापुरातील अमेरिकन मिशनचे संस्थापक रेव्हरंड रॉयल गोल्ड वाइल्डर. ते १८४६ साली भारतात आले, प्रथम अहमदनगरला राहिले आणि १८५२ साली कोल्हापुरात त्यांनी काम सुरू केले. कोल्हापुरातील वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांचेच नाव सांगते. वाइल्डर यांचा भर शाळांवर होता. १८५४-५५ साली त्यांच्या बोस्टन येथील मंडळाचे सचिव रुफस अँडरसन भारताच्या दौऱ्यावर आले आणि त्यांनी धोरण ठरवले की, मिशनचे खरे काम सुवार्तेचा उपदेश हे आहे. शाळा, विशेषतः इंग्रजी शाळा, हा त्या कामातील अडसर आहे. अनेक शाळांवर गदा आली. वाइल्डर यांचा आणि मंडळाचा तीव्र संघर्ष झाला आणि अखेर संबंध तुटले. १८६१ साली वाइल्डर स्वतंत्रपणे कोल्हापूरला परतले आणि १८७० साली हे काम प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले.

या घटनेचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. शाळा हवी की नको, हा वाद कोल्हापूरच्या मुलांच्या हिताच्या अंगाने झालाच नाही. शाळेतून ख्रिस्ती किती निर्माण होतात, या अंगाने तो झाला. अँडरसन म्हणत होते, शाळेतून पुरेसे होत नाहीत. वाइल्डर म्हणत होते, शाळेच्या वाटेनेच होतील. ज्यांना आपण आज 'निरपेक्ष शिक्षणप्रसार' म्हणून डोक्यावर घेतो, त्याचा हिशेब मिशनच्या वहीत अशा रीतीने मांडला जात होता.

पुढचा अध्याय त्याहून बोलका आहे. वाइल्डर यांचा पुत्र रॉबर्ट याचा जन्म १८६३ साली कोल्हापुरातच झाला. १८८६ साली अमेरिकेत माउंट हर्मन येथे भरलेल्या विद्यार्थ्यांच्या शिबिरात या रॉबर्टच्या प्रयत्नांमुळे शंभर तरुणांनी परदेशी मिशनरी होण्याची प्रतिज्ञा केली. त्यातून 'स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट' ही चळवळ उभी राहिली. या चळवळीचे घोषवाक्य होते, याच पिढीत साऱ्या जगाचे सुवार्तीकरण. साऱ्या जगाचे, आणि तेही एका पिढीत! कोल्हापूरच्या मातीत वाढलेल्या मुलाला अंबाबाईच्या नगरीने जी माया दिली, तिची परतफेड जग जिंकण्याच्या या मुदतबंद कार्यक्रमाने झाली. 'सेवा' या शब्दाला मुदत नसते. मुदत असते ती मोहिमेला.

चित्रपटाचीच कसोटी

आता गंमत पाहा. ज्या 'कीज ऑफ द किंग्डम'ने मिशनऱ्याला देवदूत केले, त्याच चित्रपटाने मिशनची कसोटीही पडद्यावर मांडून ठेवली आहे. भाबड्या प्रेक्षकाच्या ती नजरेतून सुटते.

फादर चिझम चीनमध्ये पोहोचतात तेव्हा मिशन पडक्या अवस्थेत असते. पूर्वीच्या कारकिर्दीत तिथे ख्रिस्ती झालेले लोक कुठे आहेत, याचा शोध घेतल्यावर त्यांना कळते की, तो विश्वास तांदळाच्या मापाने मोजून घेतलेला होता. तांदूळ संपला, विश्वासही संपला. मिशनचे पगारी प्रचारक असलेले एक जोडपे त्यांच्याकडे येते आणि पैसे मिळाले तर माणसे जमवून देऊ, असे सुचवते. चिझम त्यांना हाकलून देतात. पुढे मिस्टर चियांच्या मुलाचा सडू लागलेला हात चिझमच्या उपचाराने बरा होतो. कृतज्ञ पिता येऊन म्हणतो, मी ख्रिस्ती होतो. चिझम विचारतात, तुमचा विश्वास बसला आहे काय? उत्तर नकारार्थी येते, आणि पाद्री तो बाप्तिस्मा नाकारतो. उपकाराची फेड म्हणून धर्म बदलणे त्याला देवाचा अपमान वाटतो. चियाही मोठ्या मनाचा. तो धर्म बदलत नाही, पण मिशनला जमीन देतो.

अमेरिकेतील प्रेक्षकांनी या प्रसंगांना टाळ्या दिल्या. तो पाद्री थोर ठरला, कारण त्याने उपचाराच्या बदल्यात श्रद्धा घेतली नाही. म्हणजे उपचाराच्या बदल्यात श्रद्धा घेणे हे पाप आहे, हे खुद्द ख्रिस्ती जगाला मान्य आहे. मग हीच गोष्ट भारतात कुणी म्हटली की तो संकुचित कसा ठरतो? ग्रेगरी पेक म्हणाला तर ती माणुसकी, आणि कोल्हापूरचा शेतकरी म्हणाला तर ती असहिष्णुता! हा दुटप्पीपणा कुठवर चालणार?

चित्रपटातील मिस्टर चिया हे पात्र कल्पित असले, तरी त्याचे भाईबंद आपल्या दक्षिण महाराष्ट्रात खरोखर होऊन गेले. डॉ. विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली मिरजेचे मिशन रुग्णालय सुरू झाले. त्या रुग्णालयाच्या पाठीशी मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांसारखे हिंदू राजे उभे राहिले. हिंदू राजाने ख्रिस्ती डॉक्टरला हात दिला, कारण रोग्याचा धर्म विचारायचा नसतो, हा त्याचा संस्कार होता. वानलेस यांच्या शस्त्रक्रियेतील कौशल्याने हजारो माणसांचे प्राण वाचले. ते नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल, आणि कृतघ्नता हा हिंदूंचा धर्म नव्हे. पण हात देणाऱ्या त्या हिंदू राजाला मिशनच्या कथेत स्थान किती? फार तर तळटीपेचे. चित्रपटात निदान चियाला नाव तरी आहे!

नियोगी समिती आणि तिच्या अध्यक्षांचा निर्णय

हे चित्रपट अमेरिकेत गाजत होते, त्याच काळात मराठी मुलखात एक चौकशी चालू होती. १९५४ साली तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. त्या वेळी विदर्भ याच प्रांतात होता आणि नागपूर ही त्याची राजधानी. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी हे अध्यक्ष होते. समितीच्या सदस्यांत एस. के. जॉर्ज हे गांधीवादी ख्रिस्ती गृहस्थही होते. १९५६ साली अहवाल प्रसिद्ध झाला. शाळा, रुग्णालये, वसतिगृहे आणि कर्जे यांचा वापर धर्मांतराचे साधन म्हणून होत असल्याचे त्याने नोंदवले आणि परदेशी पैशाकडे लक्ष वेधले. अहवालावर चहूकडून टीकेची झोड उठली. न्यायमूर्तींना प्रतिगामी ठरवण्यात आले.

या प्रतिगामी न्यायमूर्तींनी त्याच वर्षी काय केले? १९५६च्या ऑक्टोबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या प्रसंगी न्यायमूर्ती नियोगी यांनीही बौद्ध धम्म स्वीकारला. ज्यांनी धर्मांतरावरील सर्वांत कठोर अहवाल लिहिला, त्यांनी स्वतः धर्म बदलला! यात विसंगती शोधणाऱ्यांना मूळ मुद्दाच कळलेला नाही. विचारान्ती, स्वतःच्या बुद्धीने, कुणाच्याही उपकाराखाली न वाकता केलेला श्रद्धेचा पालट ही एक गोष्ट आहे. भुकेल्या पोटाशी, आजारी देहाशी आणि अनाथ पोराशी केलेला सौदा ही दुसरी. नियोगींनी दुसऱ्या गोष्टीला विरोध केला आणि पहिलीचे आचरण केले. या एका माणसाच्या चरित्रात सगळ्या वादाचे उत्तर आहे.

पुढे १९६७ साली ओरिसाने आणि १९६८ साली मध्य प्रदेशाने बळ, फसवणूक व प्रलोभन यांनी होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात ते वैध ठरवले आणि धर्मप्रचाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही, असा निर्वाळा दिला. फादर चिझमने पडद्यावर जे केले, तेच न्यायालयाने कायद्याच्या भाषेत सांगितले. गांधीजींचे मत तर त्याहूनही कडक होते. आपल्या हाती सत्ता असती तर धर्मांतराचा हा उद्योग आपण बंद केला असता, असे त्यांनी १९३५ साली 'हरिजन'मध्ये म्हटले होते. गांधीजींची जयंती साजरी करणारे हे वचन सोयीस्करपणे विसरतात.

एका ख्रिस्ती मराठी कवीचा जाब

मिशनच्या परदेशी ढाच्यावरचा सर्वांत जिव्हारी लागणारा प्रश्न मात्र एका ख्रिस्ती माणसानेच विचारला होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांच्या श्रद्धेविषयी कुणीही शंका घेऊ नये. त्यासाठी त्यांनी घरदार, आप्त आणि प्रतिष्ठा यांवर पाणी सोडले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'ने ती होरपळ अजरामर केली आहे. टिळकांनी मराठी ख्रिस्ती समाजाला अभंग दिले, भजने दिली, कीर्तन दिले. आजही मराठी चर्चमध्ये 'उपासना संगीत' उघडले की टिळकांचे शब्द घुमतात.

या टिळकांचे मिशनशी काय झाले? परदेशी मिशनरी हा मायबाप आणि देशी ख्रिस्ती हा त्याचा आश्रित, हे नाते त्यांना सोसेना. भारतातील ख्रिस्ती माणसाने भारतीयच राहिले पाहिजे, या भूमीच्या भक्तिपरंपरेतून ख्रिस्ताकडे पाहिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा राजीनामा दिला आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. दोन वर्षांनी, १९१९ साली, ते निवर्तले. ज्या संस्थेने आपल्या सर्वश्रेष्ठ मराठी प्रतिभावंताला आपल्या छताखाली मोकळा श्वास घेऊ दिला नाही, तिला सर्वसामान्य कोडोलीकराच्या आत्म्याचा कळवळा होता, असे म्हणायचे काय? टिळकांवर अमेरिकेने चित्रपट काढला नाही. काढता येणारही नव्हता. त्यात नायक काळा आणि प्रश्न विचारणारा असता, आणि उत्तर गोऱ्याला द्यावे लागले असते.

आरसा आपल्यासमोरही धरायचा

इथवर वाचून हिंदू वाचकाची मान डोलली असेल, तर आता त्याने ती थोडी खाली घालावी. मिशनची वही तपासणे सोपे आहे. आपली वही कोण तपासणार?

कोडोलीतला माणूस मिशनच्या दारी का गेला? सगळेच काही तांदळासाठी गेले नाहीत. १८७६-७७च्या दुष्काळात, १८९६-९७च्या दुष्काळात, १८९९-१९००च्या दुष्काळात जेव्हा माणसे किड्यामुंगीसारखी मेली, तेव्हा अनाथ पोरांना उचलून घेण्यासाठी ज्यांनी हात पुढे केले, त्यांत मिशनरी होते. आपल्या देवळांचे कोठार किती उघडले? ज्याला गावच्या पाणवठ्यावर शिवता येत नव्हते, ज्याच्या पोराला शाळेच्या ओट्याखाली बसावे लागत होते, त्याला मिशनच्या शाळेत बाकावर बसवले गेले. त्या पोराने त्या बाकाला देव मानले, तर दोष त्या पोराचा? मिशनऱ्याने सौदा केला हे खरे. पण त्या माणसाला बाजारात उभे कुणी केले? अस्पृश्यता नावाच्या पापाने केले, आणि ते पाप परदेशातून आलेले नव्हते.

हे सत्य आपल्यातील द्रष्ट्यांनी वेळीच ओळखले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्यांसाठी राखीव जागा ठेवल्या, जातीजातींसाठी वसतिगृहे उघडली, १९२० साली माणगावच्या परिषदेत तरुण आंबेडकरांच्या पाठीवर हात ठेवला, आणि राजाराम कॉलेज आर्य समाजाच्या हाती दिले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत संस्था काढली, तिचे नावच 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' ठेवले. हे काम आमचे आहे, परक्याने ते करावे लागावे ही आमची लाज आहे, असा त्या नावाचा अर्थ होता. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजच्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि मिशनरी जिथे पोहोचले नव्हते, त्या खेड्यात शाळा नेली. वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवली. बदल्यात काय मागितले? काहीच नाही.

डॉ. आंबेडकरांनी ख्रिस्ती मिशनचेही कठोर परीक्षण केले होते. धर्म बदलूनही त्या माणसाची जात आणि लाचारी सुटत नाही, आणि चर्चमध्येही भेद उरतो, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. १९३५ साली येवल्याला धर्मत्यागाची घोषणा केल्यावर अनेक धर्मांचे दूत त्यांच्या दारी आले. एकवीस वर्षे विचार करून त्यांनी या भूमीतला बुद्ध निवडला. त्यांच्या त्या निर्णयात मिशनला नकार आहे, आणि सवर्ण हिंदूंना चपराकही आहे. एक घ्यायचे आणि दुसरे टाळायचे, ही सोय कुणालाही नाही.

स्वातंत्र्यानंतर या आरशात पाहून उठलेली माणसे आपल्यात झाली. विदर्भातून गेलेल्या बाळासाहेब देशपांडे यांनी १९५२ साली जशपूरला वनवासी कल्याण आश्रम सुरू केला. सदाशिव गोविंद कात्रे यांची कथा तर एखाद्या चित्रपटाला लाजवील अशी आहे. रेल्वेतील नोकर, कुष्ठरोगाने ग्रासलेला, समाजाने टाकलेला. एका मिशनच्या कुष्ठरुग्णालयात त्यांना आसरा मिळाला. तिथे उपचाराच्या जोडीला चालणारा धर्मप्रचार त्यांना खटकला. ते तक्रार करीत बसले नाहीत. स्वतः कुष्ठरोगी असूनही १९६२ साली त्यांनी चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघ स्थापन केला. पुढे अमरावती जिल्ह्यातील दामोदर गणेश बापट यांनी ते काम आयुष्यभर वाहिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१९ साली ते गेले. मिशनला उत्तर द्यायचे असेल तर ते असे देतात. व्यासपीठावरून गर्जना करणाऱ्या शंभर वक्त्यांपेक्षा एका कात्रेंची जखम बांधणारी बोटे अधिक प्रभावी ठरतात.

कोडोलीचा ख्रिस्ती शेजारी

आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा वाद मिशनशी आहे. कोडोलीतल्या ख्रिस्ती माणसाशी नाही. २०११च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्काही नाही. शे-दीडशे वर्षांची मोहीम, समुद्रापलीकडचा पैसा आणि एका पिढीत जग जिंकण्याच्या घोषणा यांच्या मानाने हा आकडा लहान आहे, आणि हिंदू समाजाच्या चिवटपणाची ती साक्ष आहे. पण जे आहेत ते आपले आहेत. त्यांच्या पणजोबाने कोणत्या परिस्थितीत बाप्तिस्मा घेतला, याचा जाब चौथ्या पिढीला विचारणे हा अन्याय आहे. ते मराठी बोलतात, वारणेचे पाणी पितात, शेजाऱ्याच्या सुखदुःखाला धावून जातात. टिळकांची भजने गाणारा माणूस परका कसा? त्याला 'बाटगा' म्हणून हिणवणारा हिंदू मिशनच्याच बाजूने काम करतो. आमच्यात परतीचे दार नाही, हे तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. अशा ठिकाणी दगड उचलणाऱ्या हाताला हिंदुत्वाचे नाव घेण्याचा अधिकार नाही.

राहता राहिला तो पडदा. चित्रपटाची शक्ती मिशनने केव्हाच ओळखली आहे. १९७८ साली तेलुगूत निघालेला येशूचरित्रावरील 'करुणामयुडू' हिंदीत 'दयासागर' या नावाने डब झाला आणि प्रचारकांनी तो गावोगाव दाखवला. आपल्याकडे मात्र पौराणिक चमत्कारांचे आणि तलवारबाजीचे चित्रपट पुष्कळ निघतात. चांप्याच्या कात्रेंवर, 'देवाच्या दरबारा'तील टिळकांवर, अहवाल लिहून बौद्ध होणाऱ्या नियोगींवर कुणाला चित्रपट काढावासा वाटत नाही. आपली कथा आपण सांगितली नाही, तर दुसरा कुणी ती वेल्सच्या डोंगरात, उसन्या चेहऱ्यांनी सांगणारच.

पण कथेच्या आधी कृती हवी. फादर चिझमची कसोटी आपणही स्वतःला लावावी. आपल्या दवाखान्याच्या खाटेवर पडलेल्या माणसाला त्याची जात, त्याचा देव, त्याचे मत न विचारता आपण बरे करू शकतो काय? बरा झाल्यावर त्याने आपल्या घरी जावे, आपल्या देवापुढे दिवा लावावा, एवढेच आपल्याला पुरेसे वाटते काय? वारणेच्या खोऱ्यात ज्या दिवशी प्रत्येक आजारी माणसाला अशी खाट आपल्या समाजाच्या हातून मिळेल, त्या दिवशी मिशनशी वाद घालण्याची गरज उरणार नाही. तोवर कोडोलीतील ते जुने आवार मिशनला तर जाब विचारील, पण आधी आपल्याला विचारील.